एक एकर विकण्याआधी

ताई,
मी केज तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. जूनमध्ये, ऐन मृगाच्या पेरणीत, आमच्या अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. वय 57. तिफणीमागं चालता चालताच पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पहिला दिवस तेल चोळण्यात आणि एका बाबाकडं नेण्यात गेला, दवाखाना दुसऱ्या दिवशी. आता पाच महिने झाले. काठी धरून अंगणात चालतात, पण उजवं पाऊल घासतं. हात लोंबतो, मूठ मिटलेली असते. फार जोर लावला तर अंगठा आणि दोन बोटं जराशी उघडतात. गावातल्या एकानं सांगितलं म्हणून लिंबाच्या फांदीला कप्पी टांगून दोरानं हात वरखाली करतो, मुठीत स्पंजचा चेंडूही देतो. दसऱ्यापासून खांदा असा दुखतो की रात्री ओरडतात. आई त्यांना भाकरी कुस्करून भरवते, अंघोळ घालते, काही म्हणजे काही करू देत नाही. पाणी मागता येत नाही, पण शिव्या खणखणीत येतात, आणि भजनाला नेलं की अभंगाच्या ओळी लागोपाठ म्हणतात. लोक म्हणतात, ढोंग आहे. मधेच रडायला लागतात.
भाऊ चाकणला कंपनीत आहे. त्यानं पुण्यात एक सेंटर बघितलंय. रोबोटवर व्यायाम, तीन महिन्यांचे साडेतीन लाख. तो म्हणतो, तीनातला एक एकर विकू, कारण सहा महिन्यांच्या आत जे येईल तेच येणार. इकडं भावकीतला एक पोरगा झाडावरून पडला, कमरेखाली गेला, दोन वर्षं व्यायाम करूनही उभा राहिला नाही. ते दाखवून चुलते म्हणतात, व्यायामानं काही होत नाही, कबुतराचं रक्त लावा. एकर विकावा का, एवढंच सांगा.
- एक लेक

लेकी,

नको विकूस. निदान या कारणासाठी आणि या घाईनं तर नकोच. का ते सांगते, पण त्याआधी एक काम कर. हे वाचून झालं की उठ आणि लिंबाची ती कप्पी सोडून घे.

खांद्याचा सांधा हा असा सांधा आहे की त्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर धरतात ते भोवतालचे स्नायू. अण्णांचे ते स्नायू पाच महिन्यांपूर्वी ढिले पडले, त्यामुळे लोंबत्या हाताच्या वजनानं गोळा खाली ओढला जातो. आता चांगल्या हातानं दोर ओढला की दुबळा हात वर जातो, पण पाठीवरचं फऱ्याचं हाड त्याच्यासोबत फिरायला हवं, ते फिरत नाही. मधली स्नायूंची टोकं आणि मऊ पडदे चिमटले जातात. विहिरीवरचा रहाट ओढला तर बादली वर येते, कारण बादलीला दुखत नाही. हात म्हणजे बादली नाही. मी हे तोऱ्यात सांगत नाही. शिकाऊ फिजिओथेरपिस्ट असताना एका आजोबांना मी स्वतः कप्पी बांधून दिली होती, आणि तीन आठवड्यांनी त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली ती कायमची. अर्धांगवायूच्या दुखऱ्या खांद्याला कप्पी लावू नये हे आज पाठ्यपुस्तकात आहे, पण गावोगाव फांद्यांवर कप्प्या अजून लोंबतायत.

तर खांदा आधी डॉक्टरांना दाखवायचा. तोवर बसताना हाताखाली उशी किंवा घडी केलेली वाकळ, म्हणजे हात लोंबणार नाही. झोपताना उजव्या कुशीवर झोपले तर खांदा अंगाखाली दबू नये, तो जरा पुढे काढून ठेवायचा. हात धरून उठवणं आजपासून बंद, बगलेत हात घालून उचलणंही बंद. त्याऐवजी अण्णांच्या कमरेला उपरण्याचा घट्ट पट्टा बांध आणि तो धरून आधार दे.

चेंडूही काढून घे. मूठ आवळणं त्यांना येतंच आहे, नको तितकं येतंय. उघडणं येत नाही. मग आवळण्याचाच सराव कशाला करून घ्यायचा?

आता एकराकडे येऊ.

भावाला वाटतं रोबोट म्हणजे माणसापेक्षा जास्त काहीतरी. असं वाटणं साहजिक आहे, जाहिरातीत तो चकचकीत दिसतो. पण त्याची परीक्षा झालेली आहे. ब्रिटनमध्ये अर्धांगवायूच्या 770 रुग्णांवर हाताच्या रोबोटचा मोठा अभ्यास झाला, 2019 मध्ये तो छापून आला. रोबोटवर व्यायाम केलेल्यांचा हात नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा जास्त कामाचा झाला नाही. चालण्याचंही तसंच. अमेरिकेत 408 रुग्णांना दोन पद्धतींनी शिकवलं. काहींना कमरेला पट्टे बांधून, अंगाचं वजन वर तोलून चालत्या पट्ट्यावर चालवलं, काहींना फिजिओथेरपिस्टनं घरी जाऊन ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम दिले. 2011 मध्ये निकाल आला: वर्षाअखेर दोन्हीकडची माणसं जवळपास सारखीच चालत होती. त्यातलाच एक गट पट्ट्यावर चढला तो अर्धांगवायूचा झटका येऊन सहा महिने झाल्यावर. तोही मागे पडला नाही. भावाच्या 'सहा महिन्यांच्या आत'ला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

सहा महिन्यांची ही गोष्ट अगदीच खोटी आहे असंही नाही. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपणहून बराच सावरतो, सूज उतरते, जखमेशेजारचा भाग जागा होतो. पुढे हा वेग मंदावतो. पण वेग मंदावला म्हणजे वाट संपली असं नव्हे. चालण्याचा दम, पायाची ताकद, हाताचा वापर या गोष्टी वर्ष-दोन वर्षांनीही सुधारताना मी पाहते. फक्त पुढची सुधारणा आपोआप येत नाही, ती रोजच्या कामातून काढावी लागते. आणि खरं सांगायचं तर सगळं परत येईल असं वचन मी देणार नाही. चालणं बहुतेकांचं बरंच सुधारतं. हाताचं गणित त्यापेक्षा कठीण असतं. अण्णांची दोन बोटं उघडतात ही तुझ्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची ओळ वाटली. तू ती जाता जाता लिहिलीस.

ती का मोलाची ते ऐक. हात दोन कारणांनी जातो. एक म्हणजे मेंदूची इजा. दुसरं कारण घरात तयार होतं. उजवा हात जमत नाही म्हणून माणूस डावा वापरतो, डाव्यानं भागतं, घरचेही उरलेलं करून देतात, आणि उजवा हळूहळू कामाच्या हिशोबातूनच निघून जातो. एडवर्ड टॉब नावाच्या संशोधकानं हे आधी माकडांमध्ये दाखवलं आणि मग माणसांसाठी त्यावर उपाय काढला: चांगला हात बांधून ठेवायचा आणि दुबळ्याला रोज तासन्‌तास खऱ्या कामाला लावायचं. 2006 साली 222 रुग्णांवर हा उपाय तपासला गेला. सगळ्यांना झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवडे कसून काम, आणि हाताचा वापर खरोखर वाढला, तो पुढेही टिकला. त्याला मुख्य अट अशी होती, मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यायला हवीत. म्हणून म्हणते, ती दोन बोटं. डावा हात बांधायची घाई मात्र स्वतःहून करू नकोस. काठी डाव्या हातात असते, तोल जाईल. फिजिओथेरपिस्टनं बोटं पाहून ठरवू दे, आणि तेही बसून करायच्या कामापुरतं.

इथे तुझ्या आईचा विषय येतो आणि मला जरा जपून लिहायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या एका माउलीला मी म्हटलं होतं, मालकाला हातानं जेवू द्या. ती म्हणाली, "म्या जित्ती असताना त्यायनी सांडीत का खावं?" यावर काय बोलणार! आपल्याकडं सेवा म्हणजे करून घालणं. आई थकत असेल, रात्री जागत असेल, आणि कुणी तिला म्हणावं की तुझ्या मायेनं हात जातोय, तर तिचं काय होईल? तसं तिला म्हणू नकोस. तिला दुसरं काम दे. मोजायचं काम.

मोजणं महत्त्वाचं आहे, कारण व्यायामात औषधासारखा डोस असतो आणि तो जवळपास सगळीकडे कमी पडतो. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत बसून कुणीतरी खरोखर मोजलं, तर एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी 32 भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला रोज शेकडो लागतात. बत्तीस कुठे आणि शेकडो कुठे! ही दरी रोबोट भरेल असं भाऊ म्हणतो. मी म्हणते, तुमच्या शेतात आत्ता तुरी उभ्या आहेत, कापूस वेचून घरात पडलाय, भुईमुगाच्या शेंगा असतील. शेंगा फोडणं, बोंडातून कापूस काढणं, तुरीच्या शेंगा सोलणं ही सगळी बोटं उघडायची-मिटायची कामं आहेत, आणि अण्णांच्या हातांना ती चाळीस वर्षांची ओळखीची आहेत. सुरुवातीला शेंगा फार बारीक पडतील. म्हणून आधी पाटावर ओलं फडकं ठेव, उजवा तळवा त्यावर ठेवून पुढे ढकलायला लाव, जसं आपण ओटा पुसतो. मग रिकामा स्टीलचा पेला धरणं, उचलणं, एक वीत पलीकडे ठेवणं, आणि सोडणं. सोडण्यावर जास्त वेळ दे, तेच अवघड. मग भुईमुगाच्या शेंगा एका ताटलीतून दुसरीत. आईनं समोर बसून दर दहाला एक दाणा बाजूला ठेवायचा. दिवसभरात थोडे थोडे करून शंभरावर न्या, मग दीडशे. खांद्याला कळ आली की हात टेकवून थांबा.

जेवताना उजव्या हातानं ताट दाबून धरायचं. बस्स, एवढंच. घास डाव्यानं घेऊ देत. सांडेल, सांडू दे, कोंबड्या आहेत. दुबळ्या हाताला बारीकसं का होईना पण रोजचं पद हवं: ताट धरणं, लोट्यावर हात ठेवणं, अंघोळीला साबण धरून ठेवणं. भजनात टाळ वाजवायचे ना? एक टाळ उजव्या मुठीत अडकव, दुसरा डाव्यात. उजवा नुसता धरून राहिला आणि डाव्यानं वाजवलं तरी पहिला महिना चालेल.

पायासाठी मी एकाच व्यायामावर जीव टाकते, बसून उठणं. बाजेवरून नको, बाज खचते. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घे, उंची वाढवायला वर घडी केलेल्या दोन गोधड्या. टाच गुडघ्याच्या रेषेच्या जरा मागे. डावं पाऊल एवढंसं पुढे, म्हणजे भार उजव्यावर येईल. मग 'नाक पायाच्या बोटांच्या पुढे' एवढंच सांगायचं. माणसं सरळ वर उठू पाहतात, म्हणून मागे पडतात. पुढे वाकलं की बूड आपोआप हलकं होतं. तू उजव्या बाजूला, जराशी मागे, उपरण्याचा पट्टा हातात. पाच वेळा उठणं-बसणं, दम खाणं, पुन्हा पाच. दिवसाला वीस-पंचवीसपासून सुरू कर, जमेल तसं पन्नास. ते सोपं झालं की एक गोधडी काढ. दुसरी काढशील तेव्हा अण्णा एकटे संडासला जाऊन येण्याच्या बेतात असतील, आणि तुमच्या घरात त्याहून मोठी सुट्टी कुणालाच मिळणार नाही. कमोडची खुर्ची आणि भिंतीला एक मजबूत दांडा मात्र आत्ताच लावून घ्या.

घासणाऱ्या पावलाला पोटरीपासून तळव्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा स्प्लिंट मिळतो. पाऊल वर धरून ठेवतो, ठेच लागत नाही, चालणं त्याच दिवशी बदललेलं दिसतं. मापाचाच घ्यायचा. रोज काढल्यावर कातडी पाहायची, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो टोचतोय. आणि ती रबरी स्लिपर फेकून द्या, दुबळ्या पायात ती टिकत नाही.

व्यायामाला बसण्याआधी रक्तदाब पाहायचा. छातीत दुखलं, भोवळ आली, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला की थांबायचं, हे सांगायला नको. थकवा मात्र येणारच. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा आळसासारखा दिसतो पण आळस नसतो. दुपारी झोपू दे.

शिव्या आणि अभंग. ढोंग म्हणणाऱ्यांना एवढंच सांग: अण्णांच्या मेंदूची डावी बाजू दुखावली आहे, बोलायला शब्द जुळवायचं काम मुख्यतः तिकडंच चालतं. पण जे वर्षानुवर्षं तोंडात बसलंय, पाढे, वार, देवाचं नाव, गाणं आणि रागाच्या भरातली शिवी, ते जुळवावं लागत नाही. ते आख्खंच्या आख्खं बाहेर येतं. म्हणून 'पाणी' येत नाही आणि अख्खा अभंग येतो. शिवी येते तेव्हा ती कदाचित 'पाणी'च असते, शब्द चुकून निघालेला. त्यांना कळतं सगळं, किंवा आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. त्यांच्यासमोर 'आता काही खरं नाही' असं बोलणाऱ्यांना वाड्याबाहेर बसव. आणि या अभंगाच्या दारानंच आत शिर: व्यायाम मोजताना आकडे सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणा. 'पाणी' हा शब्द भजनाच्या चालीवर, हातानं ताल धरून म्हणून घे. अर्धा म्हणून थांब, उरलेला त्यांना पूर्ण करू दे. घाई नको. हो-नाही चालेल असे प्रश्न विचार, पेला आणि ताटली दोन्ही दाखव. वाचाउपचार करणारं कुणी जिल्ह्याच्या ठिकाणी भेटलं तर उत्तमच.

रडणं दोन तऱ्हांचं असतं. एकात मनात दुःख नसतानाही रडू फुटतं आणि क्षणात थांबतं, ते मेंदूचा लगाम सुटल्यामुळं. दुसरं खरंखुरं नैराश्य, जे झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला गाठतं. भूक जाणं, झोप उडणं, व्यायामाला नकार ही त्याची खूण. दोन्हींवर गोळ्या आहेत. नैराश्य तसंच ठेवून व्यायाम करून घेणं म्हणजे ब्रेक दाबून ट्रॅक्टर चालवणं, म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना हे नक्की सांग.

भावकीतल्या पोराची तुलना मनातून काढ. त्याची इजा मणक्यातल्या मज्जारज्जूची आहे. मेंदूत एक भाग गेला तर शेजारचे काही काम उचलू शकतात. मज्जारज्जू पूर्ण तुटला तर खाली निरोप न्यायला वाटच उरत नाही. तिथं व्यायामाचा हिशोब वेगळा असतो: खांदे-दंड इतके बळकट करायचे की खुर्चीत स्वतः चढता-उतरता यावं, दर दोन तासांनी कूस बदलून पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, लघवीची सवय लावायची. उभा राहिला नाही म्हणून त्याचा व्यायाम वाया गेला असं चुलत्यांना वाटतं. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, आणि 1972 च्या पॅरालिंपिकमध्ये हायडलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक आणून दिलं. तेही चालत गेले नव्हते. त्या पोराला कुणी चाकाची खुर्ची तरी आणून दिलीय का, हे चुलत्यांना माझ्या वतीनं विचार.

कबुतराला सोडून द्या. त्याचं रक्त लावून नस जागी होत नाही.

एक गोष्ट लपवून ठेवली तर मी भावाशी बेइमानी केल्यासारखं होईल. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडूनच उपचार करून घेण्याचा अभ्यास आपल्या देशातही झालाय. 14 दवाखाने, 1250 रुग्ण, 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निकाल निराश करणारा होता, नेहमीच्या काळजीपेक्षा त्यानं जास्त काही साधलं नाही. मी त्यातून असा धडा घेतला की घरच्यांच्या गळ्यात सगळं टाकून तज्ज्ञानं हात झटकायचे नाहीत. अंगण तुमचं, पण पाहणारा डोळा शिकलेला हवा. तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ पडतं. तिथं फिजिओथेरपीसाठी चौकशी करा, दर पंधरा दिवसांनी दाखवायला जा, मधल्या काळातला व्यायाम मोबाइलवर चित्रित करून न्या. ते पाहून चुका लगेच सापडतात. पैसे तिथं खर्च करा: येणं-जाणं, स्प्लिंट, कमोड, रक्तदाबाचं यंत्र, गोळ्या. एकर लागत नाही.

भावाला पुण्याच्या सेंटरवर विश्वासच असेल तर फोन करून तीन गोष्टी विचारू दे. रोज किती वेळ प्रत्यक्ष फिजिओथेरपिस्ट अण्णांसोबत असणार? तीन महिन्यांनी अण्णांना नेमकं काय करता येईल असं तुम्हाला वाटतं? घरी गेल्यावर काय करायचं ते कोण शिकवणार? यंत्राची नावं सोडून उत्तरं आली तर पुन्हा मला लिही, मी हट्टी नाही. कमी दिवसांसाठी, ठरलेल्या हेतूनं तिथं गेलात तर हरकत असायचं कारण नाही.

गोळ्यांचं मात्र कडक बोलते. पुन्हा झटका येण्याची भीती खरी आहे, दर चार झटक्यांतला साधारण एक हा आधी येऊन गेलेल्यालाच आलेला असतो. आलेली ताकद एका सकाळी परत जाऊ शकते. रक्तदाबाची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही. ठेचा, लोणचं, पापड यांना हात आखडता. तंबाखूची डबी अण्णांच्या खिशातून आईनं नाही, अण्णांनी स्वतः काढून द्यायला हवी. पाणी पिताना ठसका लागतो का बघ. लागत असेल तर ताठ बसवून, हनुवटी छातीकडं, छोटे घोट, आणि डॉक्टरांना दाखव. पाण्यापेक्षा दाट आंबील कधी कधी सोपी जाते.

पहिला दिवस वाया गेला त्याचं मनाला लावून घेऊ नका. पण गावात सांगून ठेव. तोंड वाकडं, हात उचलेना, बोलणं अडखळलं की तेल नाही, बाबा नाही, 108. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. केजहून निघून ते गाठायला वेळ किती उरतो ते तूच मोज.

सहा महिने पूर्ण झाले की दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन कर. 40 टक्क्यांपासून सवलती लागू होतात, एसटीच्या भाड्यातही मोठी सूट मिळते. पंधरवड्याच्या फेऱ्यांना ते कामाला येईल.

आणि भावाला सांग, एकर राहू दे, चार दिवसांची रजा टाकून ये. व्यायामाला आईला रोज दुसरं माणूस हवंय, आणि अण्णांना लेकाला उठून दाखवायचंय. येताना मागं पट्टा असलेली सँडल आणायला सांग. स्प्लिंट आधी करून घे, आणि माप स्प्लिंट घातलेल्या उजव्या पायाचं घे, तेही संध्याकाळी. दिवसभर पाय लोंबला की सूज चढते, सकाळच्या मापाची सँडल संध्याकाळी चढत नाही.